बॉक्सवर दोन्ही स्की पायाखालून निसटतात आणि दर वेळी त्याच कुशीवर पडायला होतं: कारणं आणि उपाय

तक्रार साधारण अशी असते. बर्फावर स्कीइंग चांगलं जमतं, छोट्या जंपवरून उडी मारून नीट उतरताही येतं. पण टेरेन पार्कमधल्या (उड्या आणि कसरतींसाठी अडथळे मांडलेल्या जागेतल्या) बॉक्सवर, म्हणजे ज्यावरून घसरत जायचं त्या लांबट, सपाट माथ्याच्या अडथळ्यावर, आडवं वळलं की अर्ध्या वाटेत दोन्ही स्की पुढे निघून जातात आणि माणूस मागच्या कुशीवर आदळतो. पुन्हा प्रयत्न केला की पुन्हा तीच कूस. संध्याकाळपर्यंत खुब्यावर तळहाताएवढा काळानिळा डाग पडलेला असतो आणि मनात दोन निष्कर्ष पक्के झालेले असतात: बॉक्सच फार गुळगुळीत आहे, किंवा माझ्यात धाडस कमी आहे.

दोन्ही निष्कर्ष सोडून द्या. बॉक्स गुळगुळीत असायलाच हवा. त्याच्या वरचा भाग बहुधा पॉलिथिलीनचा असतो आणि बाजूंना पोलादी कडा असतात, ते स्की अडू नये म्हणूनच. आणि धाडस नसतं तर कूस सुजल्यावरही तुम्ही परत रांगेत उभे राहिला नसता. पडणं बॉक्सवर दिसतं, पण त्याची तयारी बहुतेक वेळा बॉक्सच्या आधीच्या काही मीटरमध्ये झालेली असते आणि उरलेलं काम शरीराचा चुकीचा कल करतो. हे कारण शोधायची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे तुम्ही कोणत्या दिशेला पडता. म्हणून पुढच्या वेळी पडलात की बाजूला झाल्यावर लगेच स्वतःला विचारा: जिथून आलो त्या दिशेला पडलो, जिथे चाललो होतो त्या दिशेला, पायाच्या बोटांच्या बाजूला की टाचांच्या बाजूला? या चारही पडण्यांची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर प्रकरण बिघडतं.

खाली सगळीकडे डावा पाय पुढे ठेवून घसरणाऱ्याचं उदाहरण घेतलं आहे. म्हणजे स्की बॉक्सला आडव्या, त्यांची टोकं उजवीकडे आणि मान डाव्या खांद्यावरून पुढे वळलेली. तुमचा उजवा पाय पुढे असेल तर डावं-उजवं उलटं वाचा.

मागे, म्हणजे जिथून आलो त्या दिशेला पडणं: सर्वांत जुनी आणि चिवट तक्रार

इथे बर्फावरची चांगली सवयच आड येते. उतारावर आडवं उभं राहून घसरताना आपण स्कीच्या चढाकडच्या एजवर भार देतो. ती पोलादी कड बर्फात रुतते आणि वेग आटोक्यात राहतो. उताराकडची एज चुकून लागली तर क्षणात खाली फेकलं जायला होतं, त्यामुळे शरीर ती जिवापाड टाळायला शिकतं. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की बॉक्सवर पाय टेकताच, विचार करायच्या आत, गुडघे चढाकडे झुकतात आणि मागच्या एजवर भार जातो. पण प्लास्टिकमध्ये एज रुतत नाही, पोलादात तर नाहीच. पकड काही मिळत नाही, उलट तळ तिरका होतो, वजन मागे जातं आणि स्की पुढे सुटतात. जितकं घाबरून एज लावाल तितकं लवकर पडाल.

म्हणून बॉक्सवरचा पहिला नियम: दोन्ही स्कीचे तळ पूर्ण सपाट. वेग कमी करायचा कोणताही प्रयत्न बॉक्सवर करायचा नाही. वेग आधी ठरवायचा, बॉक्सवर फक्त उभं राहायचं.

दुसरं कारण जास्त फसवं आहे, कारण ते करताना आपण अगदी बरोबर उभे आहोत असं वाटतं. उताराच्या बॉक्सवर माणूस जमिनीशी काटकोनात, म्हणजे आपल्या नेहमीच्या अर्थाने सरळ उभा राहतो. पण गुळगुळीत उतारावर पाय आणि धड एकाच वेगाने खाली जायला हवेत आणि पृष्ठभाग तुम्हाला फक्त स्वतःशी लंब दिशेने ढकलत असतो. त्यामुळे घसरणाऱ्या माणसासाठी सरळ म्हणजे बॉक्सच्या पृष्ठभागाशी काटकोन. बॉक्सचा उतार १० अंश असेल आणि तुम्ही झाडासारखे उभे राहिलात, तर बॉक्सच्या हिशेबाने तुम्ही १० अंश मागे कललेले आहात.

हे १० अंश किती होतात ते पाहू. शरीराचा गुरुत्वमध्य पायांपासून साधारण १ मीटर उंचीवर धरला, तर १० अंशांच्या कलाने तो सुमारे १७ सेंटिमीटर मागे जातो. दोन पायांत ४५ सेंटिमीटर अंतर असेल तर मध्यापासून मागचा पाय साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. म्हणजे जवळजवळ सगळं वजन मागच्या पायावर आलं. उतार १५ अंशांचा असेल तर हेच सरकणं २६ सेंटिमीटरच्या आसपास जातं आणि गुरुत्वमध्य मागच्या पायाच्याही पलीकडे पोचतो. मग पडणं टळत नाही. घर्षण थोडी सवलत देतं, पण चांगल्या बॉक्सवर ती फारच थोडी असते. याच हिशेबात पाय जवळ ठेवण्याचा तोटाही दिसतो: दोन पायांत २५ सेंटिमीटरच अंतर असेल तर चुकायला जागाच उरत नाही. खांद्यांइतकं किंवा त्याहून किंचित जास्त अंतर ठेवा.

उपाय सांगायला सोपा, करायला अवघड: बॉक्स ज्या दिशेला उतरतो त्या दिशेला शरीर न्यायचं. कमरेतून पुढे वाकलं तर फक्त डोकं पुढे जातं आणि पार्श्वभाग मागेच राहतो, त्याचा उपयोग नाही. घोटे, गुडघे आणि खुबे तिन्ही थोडे वाकलेले, आणि सगळं धड एकत्र पुढच्या पायाकडे सरकलेलं. पुढचा हात पुढच्या स्कीच्या पलीकडे, बॉक्सच्या शेवटाकडे रोखलेला. नजर बॉक्सच्या शेवटावर. पायांकडे पाहिलं की डोकं खाली जातं आणि त्यामागोमाग कंबर मागे जाते. वजन दोन्ही पायांवर निम्मं-निम्मं हवं, पण मी शिकणाऱ्याला नेहमी "पुढच्या पायावर जास्त दे" असंच सांगतो. भीती वाटत असताना निम्मं-निम्मं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात भार मागच्या पायावरच असतो. पुढच्या पायावर जरा जास्तच दिल्यासारखं वाटलं की बहुतेक वेळा तो मध्यावर आलेला असतो.

तिसरं कारण हवामानाचं. ऊन चढलं की बर्फ ओला होतो आणि स्कीला धरून ठेवतो. त्या चिकट बर्फावरून ओल्या प्लास्टिकवर गेलात की पायांखालची ओढ एकदम सुटते आणि पाय शरीराच्या पुढे पळतात. सकाळी व्यवस्थित जमलेला बॉक्स दुपारी मागे पाडत असेल तर आधी हे तपासा. तशा बर्फावर बॉक्सवर जाण्याच्या क्षणी धड जाणीवपूर्वक थोडं जास्त पुढे न्यावं लागतं.

तळ सपाट पडतो की नाही हे बर्फावरच कळतं. अगदी सौम्य उतारावर, हळू वेगात, जागेवर छोटी उडी मारा, हवेत पाय ९० अंश वळवा आणि दोन्ही स्की एकदम टेकवून थांबा. मग बाजूला होऊन बर्फातला ठसा पाहा. दोन सपाट पट्टे उमटले असतील तर उत्तम. चढाकडची एक बारीक खोल रेघ आणि बाकी अस्पष्ट असेल, तर बॉक्सवर तुम्हाला पाडणारी एज हीच. ठसा सपाट उमटेपर्यंत बॉक्सकडे वळू नका. मला या एका सरावाइतका उपयोगी दुसरा सराव माहीत नाही, आणि लोक नेमका हाच कंटाळवाणा म्हणून टाळतात. फक्त उतार खरंच सौम्य असू द्या. बर्फावर सपाट तळ म्हणजे उताराकडची एज लागण्याची शक्यता, हे विसरून चालणार नाही.

बाजूला पडणं: बोटांकडे की टाचांकडे

टाचांच्या बाजूला, म्हणजे पाठीवर पडत असाल तर नडगी तपासा. ती बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. गुडघे ताठ झाले आणि नडगी जिभेपासून सुटली की वजन टाचांवर जातं, स्कीच्या शेपट्या जड होतात आणि तुम्ही बॉक्सच्या त्या कडेवरून मागे घसरता. ही पडझड माकडहाडावर येते आणि माकडहाडाचं दुखणं फार काळ सोबत राहतं, म्हणून याकडे काणाडोळा नको. बूट नीट आवळलेले आहेत का तेही पाहा. फार कडक बुटांत घोटा वाकतच नाही, मग गुडघे वाकवले की पार्श्वभाग थेट टाचांमागे जातो.

बोटांच्या बाजूला पडत असाल तर कारण बहुधा बॉक्सच्या आधी आहे. डावा पाय पुढे आणायचा तर स्कीची टोकं उजवीकडे वळतात. हे वळण हवेत व्हायला हवं. घाई झाली की माणूस बर्फावर असतानाच एज लावून वळायला लागतो, म्हणजे तो चक्क उजवीकडे टर्न घेतो. उडी मारली तेव्हा शरीराला उजवीकडचा वेग मिळालेला असतो आणि हवेत तो बदलता येत नाही. पाय बॉक्सवर कितीही सुंदर टेकले तरी शरीर उजवीकडे, म्हणजे बोटांच्या बाजूला वाहत जातं.

त्यामुळे बॉक्सआधीचे शेवटचे पाचेक मीटर पवित्र मानावेत. तिथे वळण नाही, ब्रेक नाही, वेग वाढवण्याची धडपड नाही. स्की सरळ, तळ सपाट, बॉक्सच्या मध्यरेषेवर. वेग किती लागतो ते सुरुवात किती वरून करायची यावर ठरवा. आधी एकदा बॉक्सच्या शेजारून सरळ जाऊन अंदाज घ्या, किंवा तुमच्यासारख्याच वजनाचा कोणी जात असेल तर तो कुठून सुटतो ते पाहा. बॉक्सआधीचा बर्फाचा उंचवटा बॉक्सच्या पातळीला टेकलेला असेल तर उंच उडीची गरजच नसते. उंचवट्याच्या टोकाला पाय पोचताना दोन्ही पायांनी छोटासा पॉप, म्हणजे वर झटका, द्या, स्की वळण्यापुरती हलकी झाली की पुरे. लवकर पॉप दिला तर बॉक्सच्या तोंडावर उतराल, उशीर झाला तर वळताना शेपट्या उंचवट्याला घासतात आणि वळण अर्धंच राहतं.

अर्धवट वळण ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. बॉक्स रुंद असल्यामुळे तो ही चूक पोटात घालतो. रेल, म्हणजे घसरण्यासाठीचा बॉक्सपेक्षा अरुंद पोलादी दांडा, घालत नाही. स्की बरोबर ९० अंशांत असल्या की दोन्ही बुटांचा मध्य रेलच्या रेषेवर येतो. त्या ६० अंशांतच राहिल्या तर एका स्कीचा टोकाकडचा भाग आणि दुसरीचा शेपटीकडचा भाग रेलवर असतो, बुटांच्या मध्याखाली मात्र काहीच नसतं. अशा स्थितीत तोल सावरणं जवळजवळ अशक्य आहे. पुरेसं वळायला जमत नसेल तर बहुतेक वेळा खांदेही स्कीबरोबर वळत असतात. तसं केलं की दोन गोष्टी घडतात: कधी वळण कमी पडतं, कधी खांद्यांचा झोक थांबतच नाही आणि तुम्ही ९० अंश ओलांडून उलटे, म्हणजे स्विच, निघता. खांदे आणि छाती बॉक्सच्या दिशेला शक्य तितकी राहू द्या आणि कमरेखालचं शरीर वळवा. कमरेत येणारा हा पीळच शेवटी स्की परत सरळ करायला कामी येतो. बॉक्स संपला की पीळ सोडायचा, पाय आपोआप पुढे वळतात.

पुढे फेकलं जाणं

हे कमी वेळा होतं. पाय अडतात आणि धड पुढे जातं. वेग फार कमी असेल, बॉक्स कोरडा किंवा मळलेला असेल, दोन तुकड्यांच्या सांध्यावर कड वर आली असेल, किंवा पुढची एज लागली असेल, तर असं होतं. मागे पडण्याच्या भीतीवर अति उपाय केल्यावरही होतं. सांधा किंवा पोलादावरची खरबड दिसली तर पार्कच्या कर्मचाऱ्यांना सांगा आणि तोपर्यंत तो बॉक्स वापरू नका.

साहित्य किती दोषी असतं?

लोक समजतात त्यापेक्षा कमी, पण एजच्या बाबतीत पूर्ण निर्दोष नाही. पायाखालची एज कारखान्यातून आली तशी धारदार असेल तर ती सांध्यांत, खरबडीत आणि रेलच्या वळणावर अडकते. बाइंडिंगच्या (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या भागाच्या) खाली आणि त्याच्या पुढे-मागे वीतभर अंतरापर्यंत कानस तिरकी धरून एजचा कोन मोडा आणि मग दगडाने गुळगुळीत करा. नख फिरवलं तर ते सोललं जाऊ नये, इतपत गोल. याची किंमत कडक, बर्फाळ उतारावर मोजावी लागते, कारण तिथे पायाखालची पकड कमी होते. एकाच जोडीवर सगळं करत असाल तर थोडं कमी कानसा. आणि हे लक्षात असू द्या की एज बोथट केल्याने मागे कलण्याची सवय जात नाही. आधी तंत्र तपासा, मग कानस हातात घ्या.

ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या उतारांसाठीच्या, स्कीवर बाइंडिंग स्कीच्या मध्यापासून काही सेंटिमीटर मागे बसवलेलं असतं, त्यामुळे पुढचा भाग लांब आणि जड होतो. फ्रीस्टाइल, म्हणजे उड्या-कसरतींसाठीच्या, स्कीवर ते मध्यावर किंवा मध्याच्या जवळ असतं, म्हणून त्या आडव्या असताना टोकाकडे झुकत नाहीत. शिकण्यासाठी नवी स्की घ्यायलाच हवी असं मात्र नाही. फक्त शेपूटही वर वळलेली, म्हणजे ट्विन टिप असावी, कारण चुकून उलटं उतरायला झालं तर सपाट शेपूट बर्फात रुतते. अशा स्की १९९० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाल्या आणि पार्कमध्ये उलटं उतरणं सोपं होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पडल्यावर एज तपासायची सवय लावा. पोलादावर आपटून एजला बारीक तडा जाणं नेहमीचं आहे आणि तेवढ्याने स्की बाद होत नाही. तड्याची टोकं बाहेर आली असतील तर ती कानसून घ्या. एज तळापासून सुटून लोंबत असेल तर त्या स्कीवर रेल बंद.

कोणत्या क्रमाने सुधारायचं

बॉक्सवर रोज तेच पडणं होत असेल तर एक पायरी खाली उतरणं हा सर्वांत जलद मार्ग आहे. पार्कमधला सर्वांत रुंद, सर्वांत बुटका, जवळजवळ सपाट बॉक्स निवडा आणि त्यावरून आधी सरळ जा, स्की बॉक्सच्याच दिशेला. हे फार सोपं वाटतं, पण प्लास्टिकवर काहीही न करता शांत उभं राहण्याची सवय इथेच लागते. मग त्याच बॉक्सवर अर्ध्या वाटेत पाय ३०-४० अंश वळवून परत सरळ करा. मग पूर्ण ९०. उडी मारून थेट आडवं टेकणं सर्वांत शेवटी. सपाट बॉक्सवर जमलं की उताराच्या बॉक्सवर जा आणि तिथे धड पुढे नेण्याचं वर सांगितलेलं काम नव्याने करा. सपाट बॉक्सवरचा तोल उताराच्या बॉक्सवर तसाच्या तसा चालत नाही, म्हणून पहिल्या दिवशी जमलेलं दुसऱ्या दिवशी अचानक बिघडल्यासारखं वाटतं.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून घ्या, पण समोरून नको. चित्रण करणाऱ्याने बॉक्सच्या बाजूला, उतरण्याच्या जागेपासून दूर, बॉक्सशी काटकोनात उभं राहायचं. पाहताना पाय टेकल्याचा क्षण थांबवा आणि डोक्यापासून दोन पायांच्या मध्यापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढा. ती बॉक्सच्या पृष्ठभागाशी काटकोन करते की मागे कलते? अंगाला जे वाटलं आणि चित्रात जे दिसतं त्यातली तफावत पाहून बहुतेकांना धक्का बसतो, आणि तिथून सुधारणा वेगाने होते.

हेल्मेट अर्थातच. आत घालायची पॅड असलेली चड्डी या टप्प्यावर खरोखर उपयोगी आहे, कारण आपटण्याची भीती कमी झाली की एज लावण्याची ओढही कमी होते. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी स्कीइंग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, बरं वाटत असलं तरी. पाय थरथरायला लागले, सलग दोनदा जुन्याच पद्धतीने पडलात, तर पार्कमधून बाहेर पडून साध्या उतारावर जा. थकलेलं शरीर नवी सवय शिकत नाही, जुनी घट्ट करतं.

रेलवर कधी जायचं, तर उताराच्या बॉक्सवरून पायांकडे न पाहता शेवटापर्यंत जाता येऊ लागलं आणि स्की दर वेळी ९० अंशांत टेकू लागल्या की. पहिली रेल रुंद सपाट माथ्याची, बुटकी आणि सरळ असावी. गोल नळीची किंवा मधेच वाकलेली रेल नंतर. वाकलेल्या रेलवर उतार बदलतो तिथे काटकोनाची दिशाही बदलते: सपाटावरून उताराकडे वाकत असेल तर वाक यायच्या किंचित आधी धड पुढे न्यावं लागतं, उतारावरून सपाटाकडे येत असेल तर गुडघ्यांनी दाब सोसत परत मध्यावर यावं लागतं. एक बाजू पक्की झाली की उजवा पाय पुढे ठेवून सगळं पुन्हा त्या रुंद, बुटक्या बॉक्सपासून करा. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की स्लोपस्टाइल (रेल आणि जंप असलेल्या उतारावरची कसरतींची स्पर्धा) आली, आणि या प्रकारात परीक्षक विविधता पाहतात, त्यामुळे वरच्या पातळीवर एकाच बाजूने काम भागत नाही. दुसऱ्या बाजूला मागे कलण्याची सवय नव्याने उगवेल. तिथेही आधी बर्फातला ठसा पाहा.